डबल आहे का रे?

आमची बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला चालली आहे. शिवाजी पार्कात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हा प्रसंग हल्ली मुंजीसारखा येतोच, आपली तारीख तेवढी ठरायची असते. तर गेले तीन शनिवार घरात आवराआवर सुरू आहे. माळ्यावरून काय काय निघतंय ते विचारू नका. आजीचा स्टोव्ह, बाबांचे १९९६ पासूनचे लाईट बिलांचे गठ्ठे, आणि एक गोल निळा बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

जगातल्या तमाम मराठी घरांत अशा डब्यात सुया-दोरे असतात. आमच्या डब्यात माझी क्रिकेटची कार्डं आहेत. मोजून ६४७.

बाबांनी डबा हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवून बघितला आणि म्हणाले, "हे विकायचं आहे, भाड्याच्या घरी न्यायचंय, की रद्दीत?"

साधा प्रश्न. पण मला उत्तर देता येईना. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी डबा हिसकावून घेतला असता. चार वर्षांपूर्वी विचारलं असतं तर "बाबा, हात लावू नका, कोपरे खराब होतील" असं ओरडलो असतो. परवा मी नुसताच उभा राहिलो. एकाच डब्याबद्दल तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी वाटल्या, त्या का वाटल्या ते जरा नीट मांडून बघावं म्हणून हा शनिवार-रविवारचा खटाटोप.

तर मंडळी, सुरुवातीपासून.

२०११ च्या वर्ल्डकपच्या वेळी मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. २ एप्रिलच्या रात्री वानखेडेवर धोनीने सिक्सर मारला तेव्हा अख्खं दादर रस्त्यावर होतं, त्यात मीही होतो. त्याच्या आधी आमच्याकडे ट्रम्प कार्डं होती. मॅचेस, रन्स, हायेस्ट स्कोअर, विकेट्स, कॅचेस. ज्याच्या हातात मुरलीधरन आला त्याने डोळे मिटून "विकेट्स" म्हणायचं, एवढी अक्कल पुरायची. मग त्याच सुमारास टॉप्स कंपनीची आयपीएलची 'क्रिकेट अटॅक्स' कार्डं आली आणि आमचं डोकं फिरलं. ट्रम्प कार्डांचा कॅट एकदा घेतला की संपला. इथे मात्र बंद पाकीट. आत कोण निघेल ते फाडल्याशिवाय कळायचं नाही. आणि काही कार्डं चमकणारी! ती निघाली की पोरगं दुकानाच्या पायरीवरच नाचायला लागायचं.

बाजार भरायचा तो पार्काच्या कट्ट्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिवाजी पार्काच्या मैदानाभोवती जो बुटका कठडा आहे तो आमचा कट्टा. त्यावर सकाळी आजी-आजोबा असतात, रात्री जोडपी असतात, आणि संध्याकाळी क्लास सुटल्यापासून आईची हाक येईपर्यंतची वेळ आमची असायची. सगळे ओळीने पाय खाली सोडून बसायचे आणि हातातली कार्डं भराभर सरकवायचे. समोरचा म्हणायचा, "आहे, आहे, आहे, नाही! थांब, थांब! डबल आहे का रे?"

त्या चार शब्दांवर आमचा सगळा व्यापार चालायचा. डबल असेल तर सौदा, नसेल तर विनवण्या. साध्या कार्डाला साधं कार्ड. चमकत्याला तीन साधी, वाद झाला तर चार. सचिनला मात्र भाव नव्हता, म्हणजे सचिन कोणी द्यायचाच नाही. सचिन डबल असला तरी डबलच ठेवायचा, हा अलिखित कायदा. शेवटी मैदान कुणाचं आहे!

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की आम्ही कट्ट्यावर जे करत होतो त्याला गणितात चक्क नाव आहे. समजा शंभर वेगवेगळी कार्डं आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे. एकट्याने पूर्ण संच जमवायला सरासरी किती कार्डं विकत घ्यावी लागतील? उत्तर आहे सुमारे ५१९! पहिली पन्नास पटापट मिळतात, पण शेवटचं एक कार्ड मिळायलाच सरासरी शंभर कार्डं घ्यावी लागतात. आता पाच मित्रांनी आपापली कार्डं घेऊन प्रामाणिकपणे अदलाबदल केली तर? मी एका कंटाळवाण्या रविवारी प्रोग्रॅम लिहून बघितलं. माणशी २५० च्या आसपास. दहा जण असतील तर २०० च्या आसपास. म्हणजे कंपनीला तुम्ही एकटे हवे असता, आणि परवडायचं असेल तर तुम्हाला मित्र हवे असतात. आम्हाला कुठलंही सूत्र माहीत नव्हतं. खिशात दहाची नोट होती आणि शेजारी बंड्या होता, तेवढ्यावर आम्ही ते सोडवत होतो.

(बंड्या हे अर्थातच खरं नाव नाही. पुढे काय येणार आहे ते माहीत असल्यामुळे खरं नाव लिहायची माझी हिंमत नाही.)

हा नाद आमच्याच पिढीचा, अशी माझी समजूत होती. ती काकाने मोडली. १९८७ च्या रिलायन्स वर्ल्डकपच्या काळात तो शाळकरी होता. तेव्हा बिग फन नावाच्या बबलगममध्ये क्रिकेटपटूंची चित्रं यायची आणि ती जमवण्यासाठी पोरांनी दात किडवून घेतले होते. गूचने स्वीप मारमारून आपल्याला सेमीफायनलमध्ये घरी पाठवलं, त्या दिवशी काकाने म्हणे सगळी चित्रं गॅलरीतून फेकून दिली, आणि अर्ध्या तासाने खाली जाऊन गोळा केली. पुढे १९९९ ला 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्डकप जाओ' आलं. तेव्हा घरोघरी चहा कमी आणि बिस्किटं जास्त अशी अवस्था होती. आणखी मागे गेलात तर मूळ थेट सिगरेटच्या पाकिटात सापडतं. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर कोणीतरी चित्र छापलं आणि धंदा वाढला. जॉन प्लेअर कंपनीच्या १९३८ च्या पन्नास कार्डांच्या संचात खुद्द ब्रॅडमन आहे. म्हणजे सिगरेट, बबलगम, बिस्किट असा हा प्रवास. विकायचं भलतंच असायचं, कार्ड नुसतं आमिष. आमच्या वेळेपर्यंत आमिषच माल झालं होतं.

असो. मुद्द्यावर येतो.

बारावी आली, डबा माळ्यावर गेला. इंजिनिअरिंग, कॅम्पस, नोकरी. आणि मग २०२० चा लॉकडाऊन. घरात बसून काम, खर्च काही नाही, पगार मात्र नियमित. त्याच दिवसांत अमेरिकेत बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या कार्डांचे भाव वेड्यासारखे वर चालले होते. वाचता वाचता लक्षात आलं की क्रिकेटच्या कार्डांनाही गिऱ्हाईक आहे, आमच्या डब्यातल्या जातीची कार्डं परदेशात डॉलरमध्ये विकली जाताहेत. त्याच रात्री स्टूल घेऊन माळ्यावर चढलो.

पुढची दोन वर्षं मी जे केलं त्याला छंद म्हणायचं की नाही हाच तर प्रश्न आहे. एक्सेल शीट केली. प्रत्येक कार्डाला नंबर, स्थिती, अंदाजे किंमत. भाव खेचून आणणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो रोज सकाळी आठला चालायचा. प्लास्टिकची पाकिटं मागवली. ग्रेडिंग म्हणजे काय ते शिकलो. १९९१ पासून पीएसए नावाची अमेरिकन कंपनी हा उद्योग करते. कार्ड त्यांना पाठवायचं, ते भिंगाखाली कोपरे, कडा, छपाई बघतात, दहापैकी मार्क देतात आणि कार्ड जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात. दहा मिळाले तर सोनं. नऊला निम्माही भाव येईल याची खात्री नाही. थोडक्यात अ‍ॅप्रेझलच, पुठ्ठ्याचं. :-)

आणि हे भाव येतात कुठून बघा. १९५२ चं मिकी मँटलचं टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपये. का? तर त्या मालिकेचा न खपलेला माल कंपनीनेच १९६० साली पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवला, असं ती कार्डं तयार करणारा साय बर्जर स्वतः सांगत असे. उरलेली कितीतरी अमेरिकन आयांनी आवराआवरीत फेकून दिली. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांना वाटलं, आपण नाही फेकायची! सगळ्यांनी जपून ठेवायला सुरुवात केली, कंपन्यांनी ढिगाने छापली, आणि आज त्या काळातली बहुतेक कार्डं रद्दीच्या भावाची आहेत. सगळेच जपायला लागले की कोणाच्याच हाती काही लागत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी जपत होतो. इंजिनिअरला गणित येतं म्हणून तो शहाणा असतो असं काही नाही.

आता दोन प्रसंग. पहिला छोटा.

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. तो आला, टेबलावर कार्डं दिसली, त्याने आनंदाने मूठभर उचलली. मी असा ओरडलो की तो रडायलाच लागला. ताई काही बोलली नाही, नुसतं बघितलं. मला तेव्हासुद्धा आधी काय सुचलं असेल? कार्डाचा कोपरा तपासला.

दुसरा प्रसंग बंड्याचा. २०२१ मध्ये त्याच्या घरच्यांनी दादरची भाड्याची खोली सोडून डोंबिवलीला जायचं ठरवलं. त्याची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती. त्याने फोन केला, "तू अजून ती कार्डं जमवतोस ना? माझ्याकडे तो चमकणारा कोहली आहे बघ, ज्याच्यासाठी तू रडला होतास. पाहिजे तर घेऊन जा."

मी गेलो. कार्ड त्याच्या शाळेच्या कंपास पेटीत होतं. मी विचारलं, "किती देऊ?" तो म्हणाला, "वेडा आहेस का? बरं, तुला वाटेल ते दे." मी हजार दिले. तो खूश झाला, म्हणाला, "साल्या, पुठ्ठ्याचे हजार?"

मला भाव माहीत होता. त्याच आठवड्यात तसंच कार्ड बाहेर किती डॉलरला गेलं ते माझ्या शीटमध्ये लिहिलेलं होतं. त्या पैशांत त्याचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं. मी गप्प बसलो. ट्रेनमध्ये स्वतःला समजावलं की बाजारात असंच असतं, माहिती ज्याची फायदा त्याचा, त्यानेही नेटवर बघायला हवं होतं. सगळं बरोबर आहे. पण कट्ट्यावर एखाद्या छोट्या पोराला असा गंडवला असता तर मोठ्या पोरांनी आम्हाला पार्काबाहेर हाकललं असतं. तो बाजार लहान मुलांचा होता, पण त्याला लाज होती.

(कार्ड ग्रेडिंगला पाठवलं. फी, कुरिअर, कस्टम सगळं धरून बराच खर्च झाला. मार्क मिळाले आठ. कंपास पेटीत कर्कटकाच्या शेजारी राहून एक कोपरा दबला होता. देव असतो तो असा.)

त्यात २०२१-२२ ची डिजिटल कार्डांची लाट आली. ब्लॉकचेनवरचं कार्ड, हरवत नाही, कोपरा दुमडत नाही, मालकी कायमची नोंदलेली. आयटीवाल्याला आणखी काय पाहिजे? एका ठिकाणी मीही थोडे पैसे घातले. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला. माझ्यावर तो भरायची वेळच आली नाही, कारण नफाच झाला नाही. आज ती कार्डं घ्यायला कोणी तयार नाही आणि बघायलाही कोणी नाही. त्यांचा कोपरा खरंच दुमडलेला नाही.

या सगळ्याने छंद उतरला. पण का उतरला हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते मैदानात.

पार्काच्या गेट क्रमांक पाचजवळ ३ डिसेंबर २०२४ ला रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. सरांची नाण्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, जो सचिनला आऊट करेल त्याचं ते नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. जमवणं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. ती ग्रेडिंगला पाठवली तर काय मार्क मिळतील हो? झिजलेली असतील, पाच-सहा. तेरा रुपयांचा ऐवज. पण प्रत्येक नाण्यामागे एक संध्याकाळ आहे आणि दमलेले पाय आहेत.

आणि दुसरी गोष्ट. ३ मार्च २०२५ ला पद्माकर शिवलकर गेले. शिवाजी पार्क जिमखान्याचा हा डावखुरा स्पिनर. फर्स्ट क्लासच्या १२४ मॅचेस, ५८९ विकेट्स. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये तामिळनाडूविरुद्ध १६ रन्समध्ये ८ आणि १८ रन्समध्ये ५. टेस्ट मात्र एकही नाही. त्या दिवशी मी माझ्या ६४७ कार्डांची शीट उघडली आणि वाटलं, पार्कावर आयुष्य घालवलेला हा माणूस यात कसा नाही? तसाच अमोल मुझुमदार. १९८८ ला सचिन-कांबळीने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा तो पॅड बांधून बसून राहिला. पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११,१६७ रन्स काढल्या, भारताची टोपी मिळाली नाही. तोच मुझुमदार कोच असताना २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला. माझ्याकडे आयपीएलचे दोन मॅचेस खेळून गायब झालेले परदेशी बॉलर डबल आहेत, हे दोघे नाहीत. कार्ड म्हणजे क्रिकेट नव्हे, जे विकलं जाईल त्याचा फोटो, एवढी साधी गोष्ट कळायला मला अठ्ठाविसावं वर्ष लागलं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं रडगाणं आहे, लहानपण गेलं म्हणून. आणि बंद पाकिटाची ती लॉटरी काय मोठी पवित्र होती? मान्य. दहा-बारा वर्षांच्या पोरांना जुगाराची चव लावणारीच ती युक्ती होती, आम्ही आईच्या पर्समधून सुटे पैसे ढापले आहेत. ग्रेडिंगमुळे नकली कार्डं पकडली जातात हेही खरं. आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला जुन्या कार्डाचे चार पैसे मिळाले तर त्यात वाईट काय? काहीच नाही. उलट बंड्याला ते मिळायला हवे होते, ते मिळाले नाहीत ते माझ्यामुळे. किंमत असण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच की किंमत कळल्यावर मी कार्ड दाखवणं बंद केलं, देणं बंद केलं, हातात घेणंही बंद केलं. शंभराचा संच एकट्याने जमवणारा तो ५१९ वाला माणूस होऊन बसलो.

गेल्या रविवारी बंड्याला बोलावलं. कट्ट्यावरच बसलो. त्याचं आता बरं चाललंय. त्याला सगळं सांगितलं, भाव, शीट, ट्रेनमधला हिशेब, आणि प्लास्टिकच्या पेटीतला तो आठ मार्कांचा कोहली त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ मैदानाकडे बघत होता. नेटमध्ये कोणीतरी मुलगा एकच कव्हर ड्राईव्ह परत परत मारत होता.

"ठेव तुझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "मला कार्डाचं काही नाही रे. पण सांगायला चार वर्षं लावलीस."

यावर मला काही बोलता आलं नाही. मग आम्ही वडापाव खाल्ला, त्याने पैसे देऊ दिले नाहीत, आणि तो लोकलला गेला. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. पेटी मात्र तो विसरल्यासारखी करून घेऊन गेला. बरं वाटलं.

डब्याचं काय, तर डबा भाड्याच्या घरी येतोय. प्लास्टिकची पाकिटं काढून टाकली, सकाळी आठचा तो प्रोग्रॅम बंद केला. डबल कार्डं वेगळी काढली, १८८ निघाली. ती भाच्याला दिली. तो आता दहा वर्षांचा आहे. त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, हात लावू?"

लाव बाबा.

त्याने एकेक करत सगळी पालथी घातली आणि म्हणाला, "यात सचिन नाही."

सचिन डबल होता. पण तो मी ठेवला आहे. कायदा म्हणजे कायदा.